तेवीस कोर्स नापास

२ जानेवारी, सकाळी ९.१०
नवीन वही. काळं कव्हर, दोनशे पानं. या वर्षी नर्सिंगचं लायसन्स. विषय संपला.
तिसरा प्रयत्न आहे, पण त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही. पहिल्या वेळी मला ताप होता. दुसऱ्या वेळी शेजारचा माणूस सारखा शिंकत होता. नियम असा की तीनदा पडलं की पुन्हा दोन वर्षांचं ट्रेनिंग, नाहीतर जन्मभर वॉर्ड असिस्टंट. गेली अकरा वर्षं मी तेच आहे. पेशंट मला ब्रदर म्हणतात, पगाराचा कागद असिस्टंट म्हणतो.
मेट्रन म्हणाल्या, स्टाफ नर्सची एक जागा जूनअखेरपर्यंत तुमच्यासाठी अडवून ठेवते, पुढे माझा नाइलाज आहे. आवाजात आदर होता.
परीक्षा ९ जूनला. पाच महिने. लोक चुकतात ते इथेच, सरळ अभ्यासाला बसतात. मी आधी कोर्स निवडणार. बाजारात भामटे फार झालेत. मला कोणी फसवू शकत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं बलस्थान.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ जानेवारी, सकाळी ८.४०
गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, तिने बंद केला, कारण ती उठून अभ्यासाला बसली होती. दोष कोणाचा ते स्पष्ट आहे.
बायकोही यंदा परीक्षा देते आहे. पहिल्यांदाच. आठ वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांच्या डोळ्यांत थेंब घालून तिचं नर्सिंग थेंबाएवढंच उरलं असणार. पण हौस आहे, करू दे. दोघांचे फॉर्म एकदम भरता आले.

१० जानेवारी, दुपारी १.३०
पहिला डेमो क्लास. बाहेर पाटी: शंभर टक्के पास, नाहीतर फी परत. मी पहिल्या रांगेत बसलो आणि माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरच्या अटी मोठ्याने वाचायला लागलो. एकही तास चुकवायचा नाही, त्यांच्या प्रत्येक चाचणीत नव्वदच्या वर मार्क हवेत, आणि एवढं करूनही नापास झालात तर फी परत. असा माणूस नापास होईल कसा? वर्ग हसला. सर घामाघूम. अभ्यासक्रम काय शिकवला ते लिहून घ्यायचं राहिलं, पण पितळ उघडं पाडलं.
वहीत नोंद: कोर्स क्र. १, नापास.
पहिल्या पानावर बोगस कोर्सच्या खुणा लिहून काढल्या. गॅरंटी देणारा बोगस. फुटलेले प्रश्न आमच्याकडे आहेत म्हणणारा बोगस. शिकवणाऱ्याकडे स्वतःचं लायसन्स नसेल तर बोगस. आणि ज्याच्या जाहिरातीत पास झालेल्यांचे टक्के छापलेत तो तर महाबोगस, कारण या परीक्षेत टक्के मिळतच नाहीत. पास किंवा नापास, बस. ही शेवटची खूण मी स्वतः शोधून काढली. अधोरेखित.

१८ जानेवारी, सकाळी ११.००
कोर्स क्र. ४. एक रिटायर्ड सिस्टर. सर्जिकलच्या दुकानावरची खोली, आठ खुर्च्या, एक पंखा. ना बोर्ड, ना गॅरंटी. रोज साठ प्रश्न सोडवून घेतात आणि प्रत्येकाचं बरोबर उत्तर बरोबर का, आणि चुकीची तिन्ही चुकीची का, हे तोंडी सांगायला लावतात. एवढा वेळ कोणाला आहे?
मला बघताच विचारलं, आधी किती वेळा दिलीत? मी म्हटलं, अनुभव आहे. मग म्हणाल्या, दोन्ही वेळचे रिपोर्ट आणलेत का, कुठल्या भागात कच्चे आहात ते त्यावर असतं, तिथूनच सुरुवात करू. आठ जणांसमोर! मी ते रिपोर्ट कधीच फाडलेत. माणसाने मागे बघत बसू नये.
नापास. कारण: उद्धटपणा, पंखा.

३ फेब्रुवारी, दुपारी ४.००
कोर्स क्र. ९. मोठा एसी हॉल. सरांचा टाय गुडघ्यापर्यंत, म्हणून मी त्यांचं नाव टाय ठेवलं. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मात्र उपयोगी: परीक्षेचा कॉम्प्युटर तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवतो, किमान ऐंशी, कमाल दीडशे, खात्री पटली की मधेच थांबतो. त्यापुढचं वाक्य ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात फोटोवाला माझ्याजवळ आला. टायने माझ्या हातात रिकामी फाइल दिली, माझा हात हातात घेतला, फोटो काढला. हजेरीसाठी असेल. मी चांगला हसलो.
नापास. टायकडे लायसन्स नाही. विचारलं तर म्हणाला, कोच स्वतः पळत नसतो.

१५ फेब्रुवारी, सकाळी ८.०५
बायकोने त्या रिटायर्ड सिस्टरचा क्लास लावला! मला न विचारता. म्हणाली, तुमच्या वहीतच वाचलं, एवढा एकच बरा वाटला. मी म्हटलं, अगं, तिथे नापास लिहिलंय. म्हणाली, हो, म्हणूनच.
तिला व्यवहार कळत नाही. जाऊ दे, चार बायकांत मिसळेल.

१ मार्च, दुपारी २.३०
तेवीस कोर्स तपासले. तेवीसही नापास. बारा ठिकाणी चहा, पाच ठिकाणी पेन, एका ठिकाणी टोपी. हॉस्पिटलमध्ये माझ्या वहीची कीर्ती झाली आहे. नवीन पोरी येऊन विचारतात, ब्रदर, अमुक क्लास कसा? मी वही उघडतो आणि मान हलवतो.
आपल्या पात्रतेचा कोर्सच नाही हे आता सिद्ध झालं. शंभर दिवस हातात. स्वतःच अभ्यास करणार. वेळापत्रक चार रंगांत काढलं. सकाळ त्यातच गेली.
सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी वेळापत्रक बघितलं आणि विचारलं, जावईबापू, कोर्स निवडायचाही काही कोर्स असतो का? मी हसून वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. वडीलधाऱ्या आहेत.
उद्या पहाटे पाच.

११ मार्च, सकाळी १०.२०
भयंकर! चौकात, बँकेच्या वर, पंधरा फुटी फ्लेक्स. त्यावर मी. हातात फाइल, हातात टायचा हात. खाली लिहिलंय: आमचे यशस्वी विद्यार्थी, पहिल्याच प्रयत्नात ९४ टक्के.
सरळ फसवणूक. मी तिथे शिकलो नाही, परीक्षा झालेली नाही, प्रयत्न पहिला नाही, आणि टक्के तर नसतातच. उद्या जाऊन टायची कॉलर धरतो. पोलिसांत देतो. वही पुरावा म्हणून नेणार.

१२ मार्च, सकाळी ११.४५
निघालो तो तावातावानेच. वाटेत मेडिकलवाल्याने दुकानातून बाहेर येऊन हात मिळवला. न्हाव्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तसंच ठेवून अभिनंदन केलं. आमच्याच वॉर्डातून बरा होऊन गेलेला एक म्हातारा म्हणाला, तुम्ही सुई टोचायचात तेव्हाच मला वाटलं होतं. काय वाटलं होतं ते बोलला नाही, पण डोळ्यांत पाणी होतं.
त्यामुळे टायकडे पोचेपर्यंत राग जरा निवला. टाय म्हणाला, सर, (मला सर म्हणाला) आम्ही फक्त जूनमधली बातमी मार्चमध्ये दिली आहे. तुमच्याकडे बघून मला शंका वाटली नाही. प्रवेश फुकट घ्या, पहिल्या रांगेत बसा.
विचार केला. माणसाला पारख आहे. वहीत कोर्स क्र. ९ पुढचा नापास शब्द खोडला.
९४ जरा कमीच वाटतात.

१६ मार्च, दुपारी १.१०
मेट्रननी विचारलं, ब्रदर, तुमची परीक्षा जूनमध्ये ना? मी म्हटलं, फ्लेक्सवरचं ते क्लासच्या अंतर्गत परीक्षेचं आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. कौतुकाला शब्द सापडत नसावेत.
मग लवंगी आली. आमच्या वॉर्डातली नवीन मुलगी, एवढीशी, पण जीभ तिखट, म्हणून सगळे तिला लवंगी म्हणतात. घरात कमावणारी एकटी. तिचीही परीक्षा जूनमध्येच, आणि पास झाली तर मोठ्या हॉस्पिटलची नोकरी जुलैपर्यंत राखून ठेवलेली. म्हणाली, ब्रदर, या परीक्षेत टक्के नसतात असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मी म्हटलं, नियमाला अपवाद असतो. म्हणाली, मस्करी सोडा, खरं सांगा, मी अन् आणखी दोघी पैसे भरायला निघालोय. तुम्ही तेविसातले बावीस क्लास नापास केलेत, हा एक पास केलात, म्हणजे तसंच काहीतरी असेल.
आता एवढ्या विश्वासाने कोणी विचारल्यावर काय सांगणार? म्हटलं, फ्लेक्सकडे बघ.
तिघींनी तासाभरात प्रवेश घेतला. टायने मला एक पेन दिलं. आधीच्या पाचांपेक्षा भारी.

८ एप्रिल, सकाळी ९.३०
क्लास जोरात. टायची पद्धत सोपी आहे. जुने आलेले प्रश्न, समोर उत्तर. क, अ, अ, ड. पाठ करायचं. का विचारायचं नाही, का विचारण्यात वेळ जातो.
लवंगी विचारतेच. प्रश्न ११२: पेशंटला धाप लागली आहे, ओठ निळे पडलेत, आधी काय कराल? टायचं उत्तर क, डॉक्टरांना फोन करा. लवंगी उभी राहून म्हणाली, सर, तोवर तो जाईल. टाय म्हणाला, मॅडम, परीक्षेतला पेशंट मरत नसतो. काय हजरजबाबी माणूस!
घरी बायकोला गंमत म्हणून तोच प्रश्न घातला. भांडी घासता घासता म्हणाली, आधी त्याला उठून बसवा, ऑक्सिजन लावा, मग फोन. वर बाकीची तीन उत्तरं चूक का तेही सांगत बसली. मी ऐकलं नाही. क पाठ आहे.

४ मे, दुपारी १२.१५
वॉर्डात योगायोग. बेड सातच्या आजोबांना एकदम धाप, ओठ निळे. प्रश्न ११२ जसाच्या तसा! मी क्षणाचाही विलंब न लावता फोनकडे धावलो. लाइन बिझी. परत लावला. दरम्यान लवंगीने आजोबांना बसतं करून ऑक्सिजन लावला होता आणि ते तिच्या खांद्यावर डोकं टेकून पडले होते. डॉक्टर येऊन म्हणाले, थोडक्यात वाचले, कोणी केलं हे? मी म्हटलं, फोन मी केला.
आजोबांनी लवंगीचा हात धरला. म्हाताऱ्या माणसांना टेक्निकल बाजू कळत नाही.

२० मे, सकाळी १०.००
क्लासला कुलूप. दारावर चिठ्ठी: नवीन शाखेच्या कामानिमित्त बंद. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, शनिवारी टेम्पो लावून एसीसुद्धा काढून नेला. मागे राहिलं ते फक्त फ्लेक्स.
त्या तिघी पायरीवर बसल्या होत्या. एक रडत होती. मी समजुतीने सांगितलं की कुठलाही कोर्स निवडण्याआधी ज्याने त्याने स्वतः चौकशी करायला हवी, दुसऱ्यावर विसंबणं बरं नव्हे. लवंगी उठली. म्हणाली, ब्रदर, तुमच्या वहीत चोविसावं नाव लिहा. मी विचारलं, कोणतं? म्हणाली, तुमचं.
तरुण पिढीला कृतज्ञता नाही. परीक्षा ऑगस्टवर ढकलते म्हणाली आणि तिथूनच रिटायर्ड सिस्टरच्या खोलीकडे निघाली. जुलैपर्यंत ठेवलेली नोकरी आता हातची जाणार. मला वाईट वाटलं, पण माझी परीक्षा तोंडावर असताना मनावर परिणाम करून घेणं योग्य नाही.

९ जून, दुपारी १२.३०
विजय!!
दहाला बसलो. पहिलाच प्रश्न धापेचा. क. पुढे भराभर. काही प्रश्न इतके सोपे यायला लागले की लाज वाटली: थर्मामीटर कशासाठी वापरतात, वगैरे. एकोणऐंशी, ऐंशी, आणि स्क्रीन बंद! तासाभरात! खात्री पटली की थांबतो. टायचं तेवढं वाक्य शंभर नंबरी.
हॉलमधून सगळ्यांच्या आधी मी बाहेर. मागे एकशेतीस जण डोकी खाजवत बसलेले. त्यांच्याकडे बघून हात हलवला.
घरी आइस्क्रीम नेलं. बायकोने चमचा हातात धरून विचारलं, ऐंशीलाच थांबला? प्रश्न सोपे होत गेले की अवघड? मी म्हटलं, सोपे. तिने चमचा खाली ठेवला. आइस्क्रीम वितळलं.

११ जून, दुपारी ४.२०
बायकोची परीक्षा. बिचारी. पूर्ण पाच तास! दीडशेच्या दीडशे प्रश्न! कॉम्प्युटरला शेवटपर्यंत तिची खात्री पटली नाही. बाहेर आली ती घामाने ओली, म्हणाली, एकेक प्रश्न आधीच्यापेक्षा वाईट होता, मला वाटतं गेले.
मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, घरात एक लायसन्स पुरे. थेंब घालणं हेही सेवेचंच काम आहे. मोठ्या मनाने रिक्षा केली.
मेट्रनना फोन करून जागा पक्की समजायला सांगितलं. म्हणाल्या, निकाल येऊ द्या. शिस्तीच्या आहेत.

१७ जून, सकाळी १०.०५
निकाल.
माझ्यासमोर नापास. बायकोसमोर पास.

१७ जून, सकाळी १०.५०
घोटाळा लक्षात आला. फॉर्म एकदम भरले होते. पत्ता एक, आडनाव एक. मशीनने निकालांची अदलाबदल केली. साधी गोष्ट आहे. परीक्षा बोर्डाला अर्ज लिहायला घेतला: पतीचा निकाल चुकून पत्नीस गेला आहे, तरी कृपया परत करावा.
बायकोने अर्ज वाचला. मला वाटलं होतं रडेल. ती हसायला लागली, आणि हसू थांबेना तेव्हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, अर्जात हेही लिहा की पहाटेचा अभ्यासही चुकून तिच्याकडून झाला.

२५ जून, दुपारी ३.००
बोर्डाचं उत्तर. दोन ओळी. अदलाबदल झालेली नाही. दुसऱ्या ओळीत दोन वर्षांच्या ट्रेनिंगचा पत्ता.
बायकोने आज शांतपणे समजावलं. कॉम्प्युटर खात्री पटली की थांबतो, हे अर्धंच वाक्य. पुढचं असं: पास होण्याची किंवा नापास होण्याची. चूक होत गेली की तो सोपे प्रश्न देत जातो, बघतो की हा कुठवर खाली जातो, आणि मग थांबतो. दीडशेपर्यंत नेतो ते काठावरच्यांना, त्यातले काही तरतात.
मी विचारलं, हे तुला ९ जूनलाच माहीत होतं? म्हणाली, हो. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही आइस्क्रीम आणलं होतं.

३० जून, दुपारी १.००
अडवून ठेवलेली जागा भरली. मेट्रननी मला आत बोलावून स्वतः सांगितलं. वॉर्ड तोच राहील, बेड एक ते बारा, फक्त तुम्हाला ऑर्डर नवीन स्टाफ नर्सकडून मिळतील. नवीन स्टाफ नर्स शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. मी सकाळी तिला बसस्टॉपवर सोडलं तेव्हा म्हणाली होती, जरा एका कामाला जायचंय.
मेट्रन म्हणाल्या, ड्युटीवर नाती नकोत, सिस्टर म्हणायचं. मी म्हटलं, येस. बायको म्हणाली, थँक यू, ब्रदर.

४ जुलै, सकाळी ११.३०
बँकेवाल्यांनी फ्लेक्स उतरवलं. माणूस गुंडाळी करताना माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, साहेब, हे तुम्हीच ना, घेऊन जाता का, कापड मजबूत आहे. घेतलं. स्वतःचा कोर्स काढायचा विचार मनात घोळतो आहे. बाजाराची माझ्याइतकी माहिती कोणाला आहे? जाहिरात तर तयार आहे.
घरी अंथरून बघितलं. हॉलमध्ये मावत नाही, डोकं स्वयंपाकघरात जातं. सासूबाईंनी कडा चाचपून बघितली आणि म्हणाल्या, गॅलरीतल्या वॉशिंग मशीनवर घालू, पाणी फार उडतं. बायकोने कात्री आणली. छापलेली बाजू वर ठेवायची की खाली, यावर मायलेकींची थोडी चर्चा झाली. खाली ठरली. वरून पांढरं स्वच्छ दिसतं. टायचा हात मात्र एका बाजूने बाहेर आला आहे, तो मशीनच्या पाइपला बांधून टाकला.
वहीची बरीच पानं कोरी उरली होती. बायकोने मागितली. ड्युटीवर हँडओव्हर लिहायला बरी पडेल म्हणाली. हे शेवटचं पान फाडून मी ठेवतो आहे.
उद्या पहाटे पाचला उठणे. सिस्टरची ड्युटी सातला लागते, डबा मी करायचा ठरलं आहे. गजर दोनदा तपासला.